बोटीवाला डागदर आणि पाण्यावरची परिषद

त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा बसायला म्हणून मी स्टूल पुढे ओढायला गेलो, तर स्टुलाने मलाच ओढलं. टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं. समोरची खुर्ची हलली नाही, टेबल हललं नाही आणि टेबलामागचे गृहस्थही हलले नाहीत.

"स्क्रूने बसवलंय ते," ते म्हणाले. "इथलं सगळंच बसवलेलं आहे. सुटा माणूस तेवढा तुम्हीच."

खरंच होतं. टेबल, स्टूल, तपासायचं बाकडं, सगळं जमिनीला पिळून बसवलेलं. पाण्याचा माठ लोखंडी कड्यात, औषधांच्या बाटल्यांपुढे आडवी पट्टी. तरुणपणी बोटीवर डॉक्टर होते, त्याची ही सवय. पण सवय म्हटलेलं त्यांना चालत नसे. "अहो, ही वाशी कालपर्यंत खाडी होती," ते म्हणत. "वर भराव टाकला म्हणून समुद्र विसरला असं समजू नका. तो आला की तुमचं फर्निचर मुंबईला जाईल. माझं इथेच राहील."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवं शहर तेव्हा नावापुरतंच नवं होतं. निम्म्या इमारतींना रंग नव्हता आणि निम्म्या रस्त्यांना इमारती नव्हत्या. मी नुकताच एमबीबीएस होऊन, मुंबईत जागा परवडेना म्हणून, खाडीच्या पुलापलीकडे येऊन पडलो होतो. दवाखाना नेमका त्यांच्या समोर थाटला. ते जुन्या काळचे डिप्लोमावाले. डिग्री नाही म्हणून नव्या डॉक्टरांत त्यांना कोणी धरत नसे, आणि ते स्वतःहून कोणाला धरत नसत. मला ते कायम 'एमबीबीएस' म्हणत. ती हाक होती की शिवी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्यांच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'येथे बाटली चढवून मिळत नाही. आग्रह करू नये.'

बाटली म्हणजे सलाईन. आणि माझा दवाखाना चालत होता तो बाटलीवर. पावसाळा लागला की बोनकोड्यापासून बेलापूरपर्यंतच्या गावांतून जुलाब-उलट्यांची पोरं यायची. आयांची मागणी एकच, बाटली लाव. बाटली लावली की डॉक्टर हुशार. माझ्याकडे बाटल्या टांगायचे दोन चकचकीत स्टँड होते आणि मी ते दारातून दिसतील असे ठेवत असे. हुशारी लपवून काय उपयोग?

समोर मात्र वेगळाच तमाशा. पोर घेऊन आलेल्या बाईला ते एक भांडं पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर यांचं मिश्रण करून दाखवायचे, आणि तिलाच चमच्याने पाजायला बसवायचे. चव तिनेच बघायची. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून दे, परत कर."

एकदा बोनकोड्याची एक ठसकेबाज बाई रस्त्यावर येऊन ओरडली होती, "यो कंचा डागदर? मीठ-साखर त आमचे घरान पन हाय!"

हे दारात येऊन तितक्याच जोरात ओरडले, "घरात आहे म्हणूनच सांगतोय! दोन कोस चालत येईपर्यंत पोर सुकतं. निघायच्या आधी पाजायला लाग!"

बाई पोर घेऊन तरातरा माझ्याकडे आली. मी बाटली लावली. खिडकीतून ते माझ्याकडे बघत राहिले. मी पडदा ओढला.

हे मीठ-साखरेचं वेड त्यांना बोटीवर लागलेलं. यात्रेकरूंनी भरलेल्या बोटीवर जुलाबाची साथ आली आणि भर समुद्रात सलाईन संपलं. तेव्हा त्यांनी भटारखान्यातून साखरेची पोती डेकवर आणवली. "बाटल्या मूठभर लोकांना पुरल्या असत्या," ते सांगत. "साखर सगळ्यांना पुरली. एमबीबीएस, बोटीवर गेल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही. तिथे पळून जायला जागा नसते."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

आमच्या नव्या शहरातल्या डॉक्टरांची एक संघटना होती. मी तिचा सेक्रेटरी होतो, म्हणजे सतरंज्या मोजणारा. दरवर्षी एक ज्ञानवर्धक परिषद व्हायची. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातले प्रोफेसरसाहेब यायचे, समई पेटवायचे, घड्याळ बघत थोडं बोलायचे आणि चहा येण्याआधी त्यांची गाडी पुलावर असायची. आमचे सभासद जेवणापर्यंत टिकायचे. जेवण झालं, औषध कंपनीची पिशवी हातात पडली, की सभागृहात मी, माझा समोरचा बोटीवाला म्हातारा आणि माईकवाला.

म्हाताऱ्याला त्या प्रोफेसरांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: आधी मीठ-साखर-पाणी, बाटली मागाहून. "माझं कोणी ऐकणार नाही, मी डिप्लोमावाला," ते म्हणायचे. "कोटवाल्याचं ऐकतील. त्यानं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की इथला प्रत्येक डॉक्टर प्रत्येक आईला सांगेल. पुढच्या पावसाळ्यात वाटेत सुकलेली पोरं मला बघायची नाहीत."

पण त्या वाक्यापर्यंत पोहोचण्याआधीच प्रोफेसर पुलावर पोहोचायचे.

मग एका औषध कंपनीचा माणूस माझ्याकडे एक गुळगुळीत परदेशी मासिक विसरून गेला. त्यात अमेरिकेतल्या डॉक्टरांची परिषद एका भल्यामोठ्या आलिशान जहाजावर भरल्याचे फोटो होते. सकाळी भाषणं, दुपारी पोहणं, संध्याकाळी नाच. मी गंमत म्हणून ते म्हाताऱ्याला दाखवलं. त्यांनी फोटो बघितले आणि टेबलावर मूठ आपटली. टेबल हललं नाही, मीच दचकलो.

"बोटीवर परिषद! सापडलं!"

"अहो, ते मौजेसाठी करतात."

"ते मौजेसाठी करतात, आपण कैदेसाठी करू. सभागृहाला दार असतं, एमबीबीएस. बोटीच्या दाराबाहेर पाणी असतं."

आमच्या बैठकीत हा ठराव मांडला तेव्हा कोणाला कैदेचा वासही आला नाही.

"मिसेसना आणलेलं चालेल?" एकाने विचारलं.

"आणा," म्हातारा म्हणाला.

"पोहायला टाकी?"

"अख्खी खाडी आहे."

"नॉनव्हेज?"

"पाण्याखाली हवं तेवढं."

सलाईन बनवणाऱ्या एका कंपनीने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. फक्त बोटीवर त्यांचा फलक लावायचा. मी आनंदाने होकार देऊन आलो होतो. म्हाताऱ्याने कंपनीच्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. "ज्याच्या बाटलीविरुद्ध बोलायचं, त्याच्याच ताटात जेवायचं? नाही म्हणायला शिका, एमबीबीएस. फार अवघड नाही. तोंड तेवढंच उघडावं लागतं."

त्यामुळे आलिशान जहाजाऐवजी ठरली ती मोरा बंदरातली साधी प्रवासी लाँच. एरवी तीत उरणची माणसं आणि सुक्या बोंबलाच्या पाट्या शेजारी शेजारी बसून मुंबईला जायच्या. पण निमंत्रणपत्रिका माझ्याकडे होती. पनवेलच्या छापखान्यात जहाजाचा एकच ठसा होता, तीन धुरांड्यांचा. तो मी वर छापला. खाली 'जलविहार' असा शब्दही घातला. आपणही काही कमी नाही, हे मुंबईला दिसायला हवं ना!

परिषद ठरली मे महिन्यात, पावसाळ्यासाठी लाँच बंद होण्याच्या जरा आधी. समुद्र तेव्हा खवळायला लागलेला असतो. मी म्हटलं, लोकांना लाँच लागेल, उलट्या होतील. म्हातारा म्हणाला, "बसमध्ये चढतानाच प्रत्येकाला उलटीची एक एक गोळी द्या. प्रोफेसरांना बोटीवर. एक. आणि तुम्ही घेऊ नका. गोळीने झोप येते. सेक्रेटरी जागा पाहिजे."

"पण मला तर एसटीसुद्धा लागते."

"माहीत आहे," ते म्हणाले.

त्यांना माहीत असणारच. आदल्या वर्षी लसीकरणासाठी आम्ही उरणला निघालो होतो, तेव्हा जासईच्या आसपास मी एसटीच्या खिडकीतून जे काही केलं, ते मागच्या खिडकीतल्या माणसाने वाशीला परत येईपर्यंत ऐकवलं होतं.

परिषदेच्या दिवशी सुटाबुटातले डॉक्टर आणि गॉगल लावलेल्या त्यांच्या बायका आमच्या बसमधून मोऱ्याच्या धक्क्यावर उतरल्या आणि धुरांडी शोधायला लागल्या. लाँच बघून एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "हे जहाजापर्यंत नेणारं होडकं असेल." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

गोळ्या मी बसमध्येच वाटल्या होत्या. आता एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही, कारण ती आमच्या अख्ख्या धंद्याला लागू आहे. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याच्या हातून एक गोळी सुटतच नाही. एक दिली की पेशंटला डॉक्टर चिक्कू वाटतो. माझ्या बोटांना दोनची सवय. मी सगळ्यांना दोन-दोन दिल्या. ज्यांनी "स्ट्राँग आहे का?" असं विचारलं त्यांना तिसरी.

लाँच आधी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला गेली. प्रोफेसर तिथे उभेच होते. त्यांचा बेत सरळ होता: धक्क्याला लागलेल्या लाँचवर यायचं, समई पेटवायची, उतरून गाडीत बसायचं. वाऱ्यावर समई काही पेटेना. एक वात लागली की दुसरी विझे. मी आडोशाला कोट धरला, तर कोटाला भोक पडलं. प्रोफेसर खाली वाकून काड्या ओढत होते, तेवढ्यात म्हाताऱ्याने लाँच हाकणाऱ्या तांडेलाला खूण केली. समई पेटली तेव्हा आम्ही मुंबईपासून चांगलेच लांब होतो.

"अहो, हे काय? मला दुपारी मीटिंग आहे!"

"आम्हालाही आहे," म्हातारा म्हणाला. "हीच."

प्रोफेसरांनी कठड्यापर्यंत जाऊन पाणी बघितलं, परत आले आणि खुर्चीत बसले. "निदान उलटीची गोळी तरी आहे का?"

मी तत्परतेने दोन दिल्या.

यानंतर जे झालं त्याला आमच्या संघटनेच्या इतिहासात तोड नाही. प्रोफेसर बोलायला उभे राहिले. परदेशातल्या नव्या इस्पितळांपासून सुरुवात केली. हळूहळू त्यांची वाक्यं लांबत गेली. मग शब्द लांबत गेले. मग एका शब्दाच्या मध्यावर ते खाली बसले आणि त्यांची हनुवटी टायवर टेकली. मी घाबरून श्रोत्यांकडे बघितलं. श्रोते त्यांच्याही आधी गेले होते. अख्खी परिषद, सपत्नीक, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून घोरत होती.

जागे आम्ही तिघंच. तांडेल, म्हातारा आणि मी. त्यांत मी कठड्यावर दुमडलेला.

"किती दिल्यास?" म्हाताऱ्याने विचारलं. त्यांनी मला 'अरे-तुरे' केलेलं ते पहिलं.

"दोन..." मी म्हणालो, आणि उरलेलं उत्तर खाडीत गेलं.

"गाढवा!"

मला वाटलं, आता हे लाँच वळवणार. त्यांनी वळवली नाही. घोरणाऱ्या त्या सभेसमोर ते उभे राहिले आणि ठणठणीत आवाजात बोलायला लागले. सुकलेलं पोर कसं ओळखायचं, डोळे कसे खोल जातात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की कशी सावकाश बसते. लाटा अंगावर येत होत्या, टोपी उडून गेली, तरी माणूस थांबेना. मी दोन उलट्यांच्या मधे मान वर करून म्हणालो, "कोणी ऐकत नाहीये हो!"

"दरवर्षी तरी कोण ऐकतं?" ते म्हणाले. "या वर्षी निदान कोणी उठून जात नाहीये."

उन्हं वर आली. माझ्या पोटात काही उरलं नव्हतं, तरी पोट ऐकत नव्हतं. तोंड कोरडं पडलं. समोरचं घारापुरीचं बेट एकाची दोन दिसायला लागलं. तेव्हा त्यांनी तांडेलाला लाँच बेटाच्या आडोशाला घ्यायला लावली. तिथे पाणी शांत होतं. नांगर टाकला. "आता उठेपर्यंत इथेच."

डेकवर आडवा पडून मी म्हणालो, "मला काहीतरी द्या."

"देणार. पण मी नाही देणार."

मला तेव्हा काही कळलं नाही. जीव कासावीस झालेल्या माणसाला कोडी घालू नयेत.

पहिल्यांदा प्रोफेसरच जागे झाले. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि झोप उडाली. त्यांच्यातला डॉक्टर खुर्चीतून उठून थेट माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. नाडी बघितली, जीभ बघितली, कातडी चिमटीत धरली.

"हा सुकलाय! बाटली लावा!"

आजूबाजूचे डॉक्टर डोळे चोळत उठले. "बाटली! बाटली कुठाय?" औषधांची पेटी मी स्वतः भरली होती आणि तिच्यात सलाईनच्या बाटल्या घातल्या होत्या. पेटी उघडली. आत दोन डबे. एकात मीठ, एकात साखर.

"बाटल्या मी मोऱ्याला उतरवल्या," म्हातारा शांतपणे म्हणाला.

"तुम्हाला वेड लागलंय का? किनाऱ्याला घ्या लाँच, ताबडतोब!"

"घेतो. पण किनारा येईपर्यंत काय करायचं, ते सांगा ना, प्रोफेसरसाहेब." म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता. "बोनकोड्याच्या बाईलाही किनारा लांबच असतो. तिच्या घरातही बाटली नसते. हे दोन डबे असतात. तिला काय सांगायचं, ते तुम्ही सांगा. ही सगळी माणसं तेच ऐकायला आली आहेत."

प्रोफेसरांच्या कपाळावरची शीर मला खालून दिसत होती. ते चिडले होते यात शंका नाही. पण त्या माणसाने आयुष्यभर विद्यार्थी शिकवले होते. समोर रोगी, भोवती डॉक्टरांचं कडं. सवय गप्प बसू देईना.

"उकळलेलं पाणी आहे?"

"आहे. गार करून आणलंय."

"भांडं द्या. चमचा."

त्यांनी कोट काढला. पाण्यात मीठ घातलं, साखर घातली, ढवळलं, चव घेतली. आणि पहिला चमचा माझ्या ओठांना लावता लावता त्यांचा आवाज वर्गातला झाला. "बघा सगळ्यांनी. घटाघटा पाजायचं नाही. चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर घाबरायचं नाही, थोडं थांबायचं आणि परत सुरू करायचं. रोगी शुद्धीवर आहे, गिळतोय, तर आधी हे. बाटली मागाहून. हे प्रत्येक आईला यायला पाहिजे."

वाक्य आलं! म्हाताऱ्याने डोळे मिटले. मी त्यांना डोळे मिटलेलं दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या चमच्याला मी उलटी केली, प्रोफेसरांच्या बुटांवर. "उत्तम," ते म्हणाले. "आता थोडं थांबायचं." डॉक्टर मंडळी वाकवाकून बघत होती. ज्यांनी पाच वर्षांत एक भाषण पुरं ऐकलं नव्हतं ते प्रश्न विचारत होते. साखर नसेल तर गूळ चालेल का? अंगावर पिणाऱ्या पोराचं दूध तोडायचं का? जायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर आता कोणाला जायचंही नव्हतं. एका बाईंनी गॉगल काढून चमचा हातात घेतला आणि नवऱ्यापेक्षा सफाईने मला पाजलं.

हळूहळू घारापुरी पुन्हा एकच दिसायला लागली.

"लघवी झाली का?" प्रोफेसरांनी विचारलं. "लघवी झाली म्हणजे अंगात पाणी आलं. तोवर सोडायचं नाही."

ही परीक्षा मला भर सभेत द्यावी लागली. दोघांनी धरून मला लाँचच्या मागच्या टोकाला नेलं. बायकांनी बेटाकडे तोंडं फिरवली. डॉक्टरांनी फिरवली नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो शास्त्राचा भाग होता. बराच वेळ काही होईना. मग झालं. आणि काय सांगू, टाळ्यांचा असा कडकडाट झाला! आमच्या परिषदेत इतक्या टाळ्या कोणत्याही वक्त्याला मिळाल्या नव्हत्या.

मोऱ्याला उतरताना मी म्हाताऱ्याला गाठलं. डोकं आता चालायला लागलं होतं.

"मला गोळी का नाही दिलीत?"

"सेक्रेटरी जागा पाहिजे."

"मला एसटी लागते हे तुम्हाला माहीत होतं. बाटल्या तुम्ही उतरवल्यात. हे सगळं तुम्ही ठरवून केलंत! मला विचारायचं तरी!"

"प्रयोगाच्या उंदराला विचारत नाहीत," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "आणि ठरवून म्हणशील तर सगळे जागे असताना तू ओकायला हवा होतास. अर्ध्या तासात आटपलं असतं. तू त्यांना झोपवलंस, म्हणून तुला त्यांची झोप पुरी होईपर्यंत ओकावं लागलं. यात माझा काय दोष?"

तोंड उघडायची मला त्या दिवशी भीतीच बसली होती.

त्या पावसाळ्यात तीच बोनकोड्याची ठसकेबाज बाई पोर घेऊन सरळ माझ्या दवाखान्यात शिरली. समोरच्या पाटीकडे तिने बघितलंही नाही. "बाटली लाव," ती म्हणाली. पोराला तपासलं. डोळे खोल गेलेले, पण ते गिळत होतं. माझा हात सवयीने स्टँडकडे गेला आणि जिभेवर, कसं कोण जाणे, ती खारट-गोड चव आली. मी मागे वळून माठातलं पाणी घेतलं.

बाईने ते मीठ-साखर कालवणं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! यो पन बोटीवाला झाला!"

"पाज," मी म्हणालो. "चमच्याने."

"घरान नाय का मीठ-साखर?"

"घरात आहे म्हणूनच," मी म्हणालो. हे वाक्य माझं नव्हतं, पण बरोबर बसलं.

ती शिव्या देत पाजत बसली. पोर एकदा ओकलं, ती उठायला लागली, मी तिला पुन्हा बसवलं. दुपार कलली. ताटकळलेले दोन पेशंट उठून गेले. आणि मग त्या पोराने माझ्या टेबलावर, माझ्या नव्या रेक्झिनवर, अशी काही धार सोडली की मला राहवेना. मी टाळ्या वाजवल्या.

बाई पोराला छातीशी धरून मागे सरकली. "डागदर येडा झाला!"

टाळ्या रस्त्यापलीकडे ऐकू गेल्या असाव्यात. तिकडून हाक आली, "एमबीबीएस! झाली का?"

मी खिडकीचा पडदा सारला.

"झाली!"